वाटखर्च कोणाचा?

काशीतील मणिकर्णिका घाटावरून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघाले, की शिंदे घाट ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधविला. सन १७८० च्या सुमारास काम सुरू झाले आणि १७९५ मध्ये घाट पक्का झाला, असे सांगितले जाते. नदीतून पाहिले असता भक्कम दगडी इमारत आणि तिच्या माथ्यावरील छोट्या नक्षीदार खिडक्या नजरेत भरतात. लक्ष्मीनारायण, यमेश्वर आणि यमादित्य यांची मंदिरे येथे आहेत.

घाटाला नाव आहे ते बांधविणाऱ्याचे. बांधणाऱ्यांची नावे कोणत्याही पायरीवर कोरलेली नाहीत. काशीच्या घाटांसाठी लागणारा वालुकाश्म चुनारच्या खाणींतून नावांनी येत असे. तो घडविणारे पाथरवट, ओळंबा धरून भिंत उभी करणारे गवंडी आणि पुराच्या पाण्यात टिकेल असा पाया घालणारे जाणकार यांच्या हातांवर हे सारे काम उभे राहिले. पाया चुकला तर काय होते, हे शेजारीच दिसते. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेल्या घाटाचा भाग आपल्याच भाराने खचला. दक्षिणेकडे ललिता घाटावर नेपाळी शैलीचे लाकडी मंदिर आहे. त्याच्या कोरीव कामासाठी तर कारागीर नेपाळातून आले होते. अशा बांधकामांत साहित्य आणण्याचा आणि कारागीर आणण्याचा भार बांधविणाऱ्याच्या खजिन्यावर पडे. त्या काळी वेठबिगारीही होती, त्यामुळे त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु ज्याला इमारत हवी आहे त्याने कारागिराला तेथवर आणावे, ही कल्पना मात्र सरळ होती.

आज चित्र उलटे झाले आहे. वाराणसी, जौनपूर, आझमगड, गाझीपूर या पट्ट्यातून हजारो तरुण परदेशांतील इमारती बांधण्यासाठी जातात. उत्तर प्रदेश आणि बिहार ही राज्ये आखाती देशांत कामगार पाठविण्यात अग्रेसर आहेत. महाराष्ट्रातूनही, विशेषतः कोकणातून, आखातात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गवंडी, सेंट्रिंगचे सुतार, लोखंडी सळ्या वाकवून बांधणारे फिटर, गिलावा करणारे, फरशी बसविणारे अशा कुशल हातांना तेथे मागणी असते. इमारत तेथल्या मालकाची, नफा तेथल्या कंपनीचा. परंतु कामावर पोहोचण्याचा खर्च बहुधा कामगारालाच करावा लागतो.

हा वाटखर्च म्हणजे नेमके काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. पासपोर्ट हे आपल्या देशाने दिलेले ओळखपत्र होय. व्हिसा ही दुसऱ्या देशाने आपल्या भूमीत येण्यासाठी दिलेली परवानगी होय. कामासाठी दिलेल्या व्हिसात कोणते काम, कोणत्या मालकाकडे आणि किती काळ, हे ठरलेले असते. व्हिसाचे सरकारी शुल्क हे सामान्यतः एकूण खर्चाचा लहानसा भाग असते. उदाहरणार्थ, जर्मनीत दीर्घकाळ राहण्यासाठी लागणाऱ्या व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे. खरा बोजा पडतो तो त्याच्या भोवतालच्या गोष्टींचा. वैद्यकीय तपासणी, कागदपत्रांचे प्रमाणीकरण, कौशल्य चाचणी, भाषेचे शिक्षण, विमानाचे तिकीट, मोठ्या शहरात मुलाखतीसाठी घातलेल्या खेपा, त्या दिवसांची बुडालेली मजुरी आणि या सर्वांवर एजंटाची रक्कम.

ही रक्कम गवंड्याच्या घरात साठविलेली नसते. ती सावकाराकडून येते, किंवा दागिना गहाण पडतो. आता थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, एका कामगाराने १,२०,००० रुपये दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने घेतले. व्याज रक्कम हातात पडल्या दिवसापासून सुरू होते. व्हिसा येऊन विमानात बसेपर्यंत मात्र तीन महिने जातात. तेवढ्या काळात १०,८०० रुपये व्याज चढते, म्हणजे पहिला पगार होण्यापूर्वीच कर्ज १,३०,८०० रुपयांचे झालेले असते. पुढे तो दरमहा १२,००० रुपये न चुकता फेडीत राहिला, तरी ते फिटायला चौदावा महिना उजाडतो. करार दोन वर्षांचा असेल, तर निम्म्याहून अधिक काळ तो घरासाठी नव्हे, तर सावकारासाठी बांधकामावर उभा असतो. मध्येच आजारपण आले किंवा पगार थकला, तर हा हिशेब कोलमडतो.

कर्जाचा दुसरा परिणाम रुपयांत मोजता येत नाही. कर्जबाजारी कामगार काम सोडू शकत नाही. ठरलेल्या कामाऐवजी दुसरे काम दिले, पगार कमी केला, उन्हात विश्रांती नाकारली, तरी तो सहन करतो. कारण रिकाम्या हाताने परतला तर घर किंवा जमीन जाण्याची भीती असते. वाटखर्च कोणी केला, यावर कामगाराचे स्वातंत्र्य अवलंबून असते, ते असे.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने या प्रश्नावर स्पष्ट भूमिका घेतली आहे. भरतीचे शुल्क आणि तत्संबंधी खर्च कामगाराकडून घेऊ नये, ते मालकाने सोसावेत, असे तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. ही तत्त्वे २०१६ मध्ये मान्य झाली आणि २०१९ मध्ये कोणकोणत्या खर्चांचा त्यांत समावेश होतो, याची व्याख्याही ठरविण्यात आली. कतारचा २००४ चा आणि संयुक्त अरब अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदादेखील भरतीचा खर्च कामगाराच्या माथी मारण्यास मनाई करतो. मग हा पैसा जातो कोठे? जेथे व्हिसाचा संबंध एका विशिष्ट मालकाशी, म्हणजे ‘कफील’शी जोडलेला असतो, तेथे व्हिसा ही विकावयाची वस्तू बनते. मालकाकडून मध्यस्थाकडे, मध्यस्थाकडून गावच्या दलालाकडे ती हस्तांतरित होते आणि प्रत्येक हातात थोडी किंमत वाढते. ‘आझाद व्हिसा’ नावाने जे विकले जाते, ते या व्यापाराचेच एक रूप होय. नाव ‘आझाद’, परंतु कागदावरचा मालक एक आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्याकडे, अशी स्थिती असल्याने कामगार परदेशात कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरू शकतो.

खर्च मालकाने किंवा सरकारने केला की प्रश्न सुटला, असेही मानता येत नाही. त्यासाठी आणखी एका घाटाकडे वळावे लागते. तो गंगेवर नसून हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर, पोर्ट लुईच्या बंदरात आहे. त्याचे नाव आप्रवासी घाट. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आल्यावर ऊसमळ्यांसाठी मजूर हवे होते. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख भारतीय करारबद्ध मजूर मॉरिशसला उतरले. त्यांपैकी बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, म्हणजे काशीच्या आसपासच्या भोजपुरी मुलखातले होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. या घाटाच्या दगडी पायऱ्या चढून मजूर आगारात नोंदणीसाठी जात. युनेस्कोने २००६ मध्ये या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

या मजुरांनी जहाजाचे भाडे दिले नव्हते. ते मळेवाल्यांनी आणि वसाहतीच्या सरकारने दिले. परंतु त्या भाड्याच्या बदल्यात वर्षानुवर्षांचा करार अंगठ्याने बांधला गेला. त्या कराराला मजूर ‘गिरमिट’ म्हणत. इंग्रजी ‘अ‍ॅग्रिमेंट’ या शब्दाचे ते बोलीतले रूप होय. (मराठीत गिरमिट म्हणजे लाकडाला भोक पाडण्याचे सुताराचे हत्यार. दोन्ही शब्दांचा उगम वेगळा आहे, तरी हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.) एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत मॉरिशसच्या मळ्यांत होती. परतीचा मोफत प्रवासही पुढे बंद करण्यात आला. जाण्याची वाट दुसऱ्याच्या पैशाने मोकळी झाली. येण्याची वाट मात्र बंद झाली. म्हणून वाटखर्च कोण देतो, यासोबत तो कोणत्या अटींवर देतो, हेही पाहावे लागते.

या काळाची एक खूण भारतीय कायद्यात टिकून राहिली. बाहेर जाणाऱ्या मजुरांवर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला त्या वेळी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ म्हणत. १९२२ च्या कायद्यात ते पद राहिले आणि १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातही राहिले. येथे शब्दांकडे थोडे लक्ष द्यावयास हवे. देशाबाहेर जाणारा तो ‘उत्प्रवासी’ आणि बाहेरून आत येणारा तो ‘आप्रवासी’. एकच माणूस मुंबई बंदरात उत्प्रवासी असे आणि पोर्ट लुईला आप्रवासी ठरे. हिंदीत ‘प्रवासी’ म्हणजे परदेशी जाऊन राहिलेला. मराठीत मात्र एस. टी. बसमध्ये बसलेलाही प्रवासीच. सरकारी योजनांची नावे वाचताना हा भेद ध्यानात न ठेवल्यास गोंधळ होतो.

१९८३ च्या कायद्याखाली कामगाराच्या रक्षणाची जी रचना उभी राहिली, तिच्यात परदेशी कामासाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी आवश्यक ठरली. अशा एजंटाने कामगाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील कर अशी ठरविण्यात आली आणि त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक झाले. ज्यांच्या पासपोर्टवर तपासणीची अट असते, त्यांना आखाती देश, मलेशिया, जॉर्डन अशा ठरावीक देशांत कामासाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. तिचे शुल्क २०० रुपये. त्यांच्यासाठी ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ २००३ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेनंतर अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण, दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, असे तिचे स्वरूप झाले. १९८३ चा कायदा बदलण्याच्या हेतूने केंद्र सरकारने २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदाही लोकांपुढे ठेवला.

यात व्हिसाच्या खर्चासाठी थेट अनुदान कोठेच दिसत नाही. अनुदानाचा एक प्रयोग मात्र केंद्र सरकारने केला होता. ‘महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना’ २०१२ मध्ये सुरू झाली. परदेशात असलेल्या अल्पशिक्षित कामगाराने निवृत्तिवेतनासाठी आणि परतल्यानंतरच्या पुनर्वसनासाठी बचत केली, तर सरकार त्यात दरवर्षी काही रकमेची भर घालणार होते. फारच थोडे कामगार तिच्यात सहभागी झाले आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. कारण उघड आहे. कर्जाचे व्याज दरमहा वाढत असताना वृद्धापकाळासाठी हजार रुपये बाजूला काढणे किती जणांना परवडेल? मदत ज्या वेळी हवी असते, त्या वेळी म्हणजे निघण्यापूर्वी ती मिळाली नाही.

शेजारच्या नेपाळने निघण्याच्या वेळेलाच हात घातला. ज्या देशातून ललिता घाटावरील मंदिराचे कारागीर आले, त्याच देशाने जुलै २०१५ मध्ये मलेशिया व सहा आखाती देशांसाठी ‘मोफत व्हिसा, मोफत तिकीट’ हे धोरण लागू केले. व्हिसा आणि तिकीट मालकाने द्यावे आणि एजंटाने फार तर दहा हजार नेपाळी रुपये घ्यावेत, असा नियम झाला. नियम चांगला होता. परंतु पावती दहा हजारांची आणि घेतलेली रक्कम कितीतरी अधिक, अशा तक्रारी येतच राहिल्या. मागणी करणारे पुष्कळ आणि जागा थोड्या असतील, तर माणूस नियमाबाहेरही पैसे द्यावयास तयार होतो आणि दुर्दैवाने त्याविरुद्ध पुरावाही त्याच्याजवळ उरत नाही.

अलीकडे सरकारांनी आपसांत करार करून कामगार पाठविण्याची पद्धत पुढे आली आहे. मे २०२३ मध्ये भारत आणि इस्राएल यांच्यात ४२,००० भारतीय कामगारांविषयी समझोता झाला. त्यांपैकी ३४,००० बांधकामासाठी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथे युद्ध सुरू झाले आणि बांधकामांवरील मजुरांची टंचाई तीव्र झाली. जानेवारी २०२४ मध्ये लखनौ आणि रोहतक येथे चाचण्या घेण्यात आल्या. सेंट्रिंग, लोखंडबांधणी, गिलावा आणि फरशी या चार कामांत उमेदवारांना प्रत्यक्ष हात चालवून दाखवावा लागला. दरमहा सुमारे १.३७ लाख रुपये वेतन जाहीर झाले होते. हा आकडा ऐकून युद्धाची भीती असतानाही रांगा लागल्या. एप्रिल २०२४ मध्ये पहिली तुकडी रवाना झाली. सरकारी मार्गामुळे गावच्या दलालाची जागा कमी झाली, हा मोठा लाभ म्हणावा लागेल. तथापि इस्राएल वर सांगितलेल्या ठरावीक देशांच्या यादीत नव्हता. त्यामुळे अल्पशिक्षित कामगारांसाठी असलेली मंजुरीची तपासणी तेथे लागू झाली नाही आणि कामगार संघटनांनी त्याविषयी आक्षेप घेतला.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी सुमारे १०,००० कुशल कामगार पाठविण्याविषयी करार केला. परिचारिका आणि वाहनचालक यांच्याबरोबर वीजतंत्री, नळकारागीर, सुतार, रंगारी, गवंडी हे बांधकामातले हातही त्यात समाविष्ट होते. जर्मन भाषा आल्याशिवाय तेथे काम मिळत नाही आणि ती शिकण्यास कित्येक महिने लागतात. या प्रशिक्षणाचा खर्च शासनाने उचलावा, असे ठरले. शुल्काचा आकडा पाहिला, तर ७५ युरोंचा व्हिसा भरून देणे शासनाला सोपे आणि नाव मिळवून देणारे होते. भाषेवर खर्च करण्यात अधिक शहाणपण आहे. भाषा येणारा गवंडी करार स्वतः वाचू शकतो आणि मुकादमाला प्रश्न विचारू शकतो. जाणे झाले नाही, तरी ती विद्या त्याच्याजवळ राहते. अर्थात अनेक महिने शिकत असताना घर कसे चालवायचे, हा रोजंदारीवर जगणाऱ्याचा प्रश्न अशा योजनेने आपोआप सुटत नाही.

अनुदान कोणाच्या हाती पडते, हा यातला सर्वांत नाजूक भाग होय. समजा, सरकारने प्रत्येक कामगाराला व्हिसासाठी २०,००० रुपये दिले आणि एजंटाच्या व्यवहारावर लक्ष ठेवले नाही, तर तो आपला भाव तेवढ्याने वाढवील. पैसा तिजोरीतून निघेल, कामगाराच्या नावावर जमा होईल आणि दलालाच्या खिशात जाईल. याउलट वैद्यकीय तपासणीचे शुल्क थेट रुग्णालयाला, तिकिटाचे पैसे थेट विमान कंपनीला आणि उरलेली गरज बँकेच्या अल्प व्याजाच्या कर्जातून भागविली, तर ते टळू शकते. मालकाकडून भरतीचा खर्च वसूल करणे हे तर त्याहून न्याय्य होय. सरकारी अनुदान म्हणजे परदेशी कंपनीने करावयाचा खर्च भारतीय करदात्याने करणे, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो.

देशांतर्गत स्थलांतरासाठी हे तत्त्व आपल्या कायद्याने फार पूर्वीच स्वीकारले होते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने प्रवासभत्ता आणि वेगळा विस्थापन भत्ता द्यावयाचा होता. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती लागू झाली. तिच्यात जाण्यायेण्याचा प्रवासभत्ता राहिला. विस्थापन भत्ता राहिला नाही. वाराणसीहून पुण्याच्या बांधकामावर येणाऱ्या गवंड्याला जो हक्क कायद्याने दिला, तो दुबईला जाणाऱ्याला भारताच्या कायद्याने दिलेला नाही, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देणाऱ्या प्रौढांसाठी यातली एक बाब विशेष महत्त्वाची आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर सामान्यतः तपासणीची अट येते. उत्तीर्ण झालेल्याला ती लागू राहत नाही. संरक्षकाच्या मंजुरीसाठी त्याला थांबावे लागत नाही आणि वेळ वाचतो. परंतु त्या मंजुरीच्या निमित्ताने जे करारपत्र, वेतन आणि विमा सरकारी अधिकारी तपासून पाहतो, ते आता कोणी पाहणार नसते. एजंट नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावरील यादीत त्यालाच शोधावे लागते. व्हिसावर लिहिलेले काम आणि करारातले काम एकच आहे ना, परतीचे तिकीट कोण देणार, दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळाली ना आणि तिच्यावर खरी रक्कम आहे ना, हे पैसे हातातून जाण्यापूर्वीच त्याला पाहून घ्यावे लागते.